हेच उलटून लावावे

पेडलवरून पाय घसरला तर त्यात पेडलचा काहीही दोष नसतो, असं तळमजल्यावरचे निवृत्त अधीक्षक म्हणाले, आणि तिथेच कडीमास्तरांचं टाळकं सरकलं. माणूस डाव्या पायाची नडगी सोलून घेऊन, वाकडं झालेलं हँडल एका हाताने धरून, फाटकातून लंगडत आत येतोय. अशा वेळी शेजाऱ्याने पाणी विचारावं, निदान चेहरा तरी पाडावा. अधीक्षकांनी विचारलं, "लक्ष कुठे होतं?" आणि वर ऐकवलं की आपल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत आपला पाय कशावरून घसरल्याची एकही नोंद नाही. अधीक्षक सगळी नोकरी खुर्चीत बसले होते, हे मास्तरांना जिना चढून झाल्यावर सुचलं. चांगली उत्तरं त्यांना कायम दुसऱ्या मजल्यावरच सुचत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. दारांच्या कड्या, खिट्ट्या आणि बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात ते सव्वीस वर्षं आरेखक होते, म्हणजे नकाशे काढत होते. म्हणून इमारतीने त्यांचं नाव कडीमास्तर ठेवलं होतं. नावाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीबद्दल. तिथे तीन रकाने असतात: संकल्पक, आरेखक, तपासणी. मास्तरांनी हजारो नकाशे काढले, त्यातल्या निम्म्या कड्या त्यांच्याच डोक्यातून निघाल्या, पण त्यांची सही कायम मधल्या रकान्यात. पहिल्या रकान्यात मोठ्या साहेबांची. साहेब दोन महिने आजारी रजेवर होते तेव्हा मास्तरांनी गुपचूप एक नवी खिट्टी काढली होती. साहेब परत आले आणि तिच्यावरही पहिल्या रकान्यात सही करून मोकळे झाले. आजारपणात माणसाला बरंच काही सुचतं म्हणे.

तर नडगीला हळद लागत असताना मास्तरांनी जाहीर केलं की आपण एक पेडल बनवणार. त्यात पाय घट्ट बसेल, खड्ड्यात गेला तरी निसटणार नाही, आणि उतरायचं म्हटलं की क्षणात सुटेल. दार वाऱ्याने उघडू नये आणि माणसाने उघडावं, एवढंच तर कडीचं काम असतं. तेच पायाला लावायचं. आणि नकाशावर संकल्पक म्हणून नाव कोणाचं असेल, तर या घरातल्या माणसाचं.

बायको म्हणाली, "अहो, आधी त्या गुळगुळीत झालेल्या चपला बदला."

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने हळदीची वाटी उचलली आणि ती आत गेली. मोठ्या कामांच्या सुरुवातीला घरच्यांचा असा विरोध व्हायचाच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. चपला मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी बदलल्या आणि नाडीचे बूट आणले, कारण पेडलला धरायला काहीतरी भक्कम हवं होतं. बायकोच्या म्हणण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

पहिला प्रयोग चुंबकाचा. कपाटाची दारं बंद राहावीत म्हणून कारखान्यात जाड चुंबकं येत. पेडल लोखंडाचंच असल्यामुळे मास्तरांनी चुंबक बुटाच्या तळाला बसवलं. सायकलीवर पाय ठीक बसला. पण माणूस दिवसभर सायकलीवर नसतो, हे हिशेबात राहून गेलं होतं. कारखान्यात पोचेपर्यंत बुटांना चार खिळे, एक वॉशर आणि कोणाच्या तरी छत्रीची काडी लागली होती. आरेखन खोलीत पोलादी कपाटासमोर उभे राहिले तर डावा पाय कपाटाला चिकटला, आणि साहेबांनी हाक मारली तेव्हा त्यांना कपाटापाशी उभं राहूनच "आलो" म्हणावं लागलं. घरी मात्र या बुटांचं फार कौतुक झालं. बायकोने त्यांना पलंगाखालून पाय फिरवायला सांगितलं, तेव्हा तीन सुया, दोन हेअरपिना आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेलं नेलकटर निघालं. ही बातमी खाली गेली. अधीक्षकांच्या पत्नीची कानातल्याची फिरकी हरवली होती, त्यांनी निरोप पाठवला की भाऊजींना जरा आमच्या खोलीत दोन फेऱ्या मारायला सांगा. एका संशोधकाला लोकांच्या पलंगाखाली पाय घालायला बोलावतात, हा अपमान मास्तरांनी गिळला आणि गेले. फिरकी सोन्याची निघाली, म्हणजे ती चुंबकाला लागणारच नव्हती. तरी अधीक्षक म्हणाले, "तुमचं यंत्र काही खास नाही."

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण एकही शब्द न बोलता.

मग ते मुळावर आले. कडी म्हणजे कडी. बुटाच्या तळाला पितळेची एक जीभ, पेडलमध्ये स्प्रिंग लावलेली खाच. बूट वरून दाबला की जीभ खाचेत जाऊन टक् करून बसते. टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सुटते. नकाशा त्यांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर आठ दिवस काढला. त्या आठ दिवसांत घरातली सगळी जेवणं मांडीवर ताटं घेऊन झाली. नकाशा देखणा झाला होता. कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे मंजुरीपर्यंत नावं पेन्सिलीने लिहायची असतात, म्हणून पहिल्या रकान्यात मास्तरांनी स्वतःचं पूर्ण नाव पेन्सिलीने लिहिलं आणि टेबलापासून चार पावलं मागे जाऊन ते पाहिलं. मग बायकोला बोलावून तिलाही चार पावलं मागे उभं केलं.

नकाशा उजव्या पेडलचा होता. डाव्यासाठी खाली एकच ओळ होती: हेच उलटून लावावे.

या ओळीची मास्तरांच्या हाताला सव्वीस वर्षांची सवय होती. दाराची कडी एकच बनवतात. डाव्या दाराला लावायची असेल तर तीच उलटून लावतात, वरची बाजू खाली, आणि काम होतं. कड्यांच्या कारखान्यात डावं-उजवं असं वेगळं कोणी काढत बसत नाही, आणि जो काढतो त्याला लोक हसतात.

काम त्यांनी कोपऱ्यावरच्या टर्नरकडे दिलं. टर्नर म्हणजे लेथवर धातू कातून भाग बनवणारा कारागीर. हा टर्नर कमी बोलायचा आणि नकाशापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवायचा. ती ओळ वाचून त्याने डोकं खाजवलं. पेडल उलटं लावलं तर खाच जमिनीकडे जाणार, मग पाय काय खालून घालायचा? पण मास्तर शिकलेले, नकाशा शाईचा. त्याने आपल्या परीने तोडगा काढला. दोन्ही पेडलांच्या खाचा अगदी एकसारख्या केल्या, दोन्हींची तोंडं वर ठेवली, आणि याबद्दल विचारलं नाही कारण त्याला कोणी विचारलं नव्हतं. उजवं पेडल त्याने आधी दिलं, डावं महिन्याने.

तो महिनाभर मास्तर उजव्या पेडलवर फिरले. डाव्या नडगीची जखम अधीक्षकांनी सुचवलेल्या मलमाने चांगलीच चिघळली होती, म्हणून तो पाय जुन्या साध्या पेडलवर नुसता टेकवलेला असे. उजवा पाय टक् करून बसायचा आणि टाच फिरवली की अलगद सुटायचा. उतारावर, खड्ड्यात, गतिरोधकावर, एकदाही निसटला नाही. मास्तर इमारतीच्या फाटकाशी मुद्दाम थांबून पाय दोनदा अडकवत आणि दोनदा सोडवत. अधीक्षक खिडकीत असतील तर चारदा.

शोधांची नोंद करणारं सरकारी कार्यालय तीन मजल्यांचं होतं आणि नोंद तिसऱ्यावर होती. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, बूट पाहिला, पेडल पाहिलं.

"एका अर्जावर एकच वस्तू," त्या शांतपणे म्हणाल्या.

मास्तरांनी बूट पेडलमध्ये टक् करून बसवला आणि म्हणाले की ही एकच वस्तू आहे. बाई म्हणाल्या, सहज सुटते असं तुम्ही लिहिलंय, सोडवून दाखवा. मास्तरांनी सोडवून दाखवली. बाई म्हणाल्या, झाल्या की नाही दोन? मास्तर म्हणाले की जोडून जमा करतो. बाईंनी विचारलं, आणि गोदामात आपोआप सुटली तर? मास्तर ताठ होऊन म्हणाले की आपोआप सुटणारच नाही, त्यासाठीच तर शोध लावलाय. मग सहज सुटते असं खोटं कशाला लिहिलंत, असं बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मास्तरांना नेमकी त्याचीच चीड आली. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. मास्तरांमागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी सुचवलं की बुटाचा अर्ज चर्मोद्योग विभागात द्या आणि पेडलचा वाहतूक विभागात. वाहतूक विभागाचं म्हणणं असं पडलं की सायकलला इंजिन नाही, त्यामुळे ती त्यांच्या लेखी वाहनच नाही. चर्मोद्योगवाल्यांनी बुटाचा वास घेतला आणि तो चामड्याचा नसल्याचं सांगून परत केला.

चौथ्या फेरीला बाईंनाच दया आली. बूट आणि पेडल सुतळीने बांधून, वर लाखेचं सील ठोकून, त्यांनी ती एक वस्तू म्हणून स्वीकारायचं कबूल केलं. फक्त चौदावा रकाना राहिला होता. अर्जदार अशाच प्रकारच्या कारखान्यात नोकरीला असल्यास मालकांची हरकत नसल्याचं पत्र. पत्र द्यायचं तर मोठ्या साहेबांनीच द्यायचं होतं.

साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि बराच वेळ पाहिला. ते काहीतरी पाहतायत याचंच मास्तरांना नवल वाटलं. मग त्यांनी विचारलं की याचा विचार कारखान्याच्या वेळेत केला का. मास्तर म्हणाले, नाही साहेब, घरी, जेवणाच्या टेबलावर.

"पण कडीचा विचार करायची सवय कुठे लागली?" साहेब म्हणाले. "इथेच ना? मग झालं तर."

असं म्हणून त्यांनी खोडरबर घेतलं, पहिल्या रकान्यातलं पेन्सिलीचं नाव खोडलं, कागदावरचा चुरा फुंकरीने उडवला आणि शाईने स्वतःची सही ठोकून खाली तारीख घातली. वर मोठेपणाने म्हणाले की आरेखक म्हणून तुमचं नाव आहेच. पुढच्या आठवड्यात सुरक्षा सप्ताह होता, संचालक येणार होते. त्यांच्यासमोर हे पेडल साहेब स्वतः चालवून दाखवणार होते.

मास्तर घरी आले आणि बूट न काढता खुर्चीत बसून राहिले. त्यांना रडू आलं नाही, पण आलं असतं तर बरं झालं असतं. बायकोने विचारलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत का? त्यांना बोलायचं होतं ते सगळं आत्ता सुचत होतं, आणि घर दुसऱ्याच मजल्यावर होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी टर्नरने डावं पेडल आणून दिलं. ते बसवलं, तपासायला वेळ नव्हता, आणि एक बरोबर असलं की दुसरं असतंच, ही कड्यांच्या धंद्यातली खात्री. आवारात सहाशे माणसं, मांडव, समोर संचालकांच्या खुर्च्या. साहेबांनी खास जीभ बसवलेले बूट घातले होते. दोन्ही पाय टक् टक् करून बसले. साहेब निघाले, हँडलवरचा एक हात उचलून त्यांनी संचालकांना नमस्कार केला, टाळ्या पडल्या.

एक फेरी झाली. साहेब संचालकांसमोर हळू झाले, डावा पाय काढायला गेले, आणि पुन्हा वेग घेऊन पुढे गेले. लोकांना वाटलं दुसरी फेरी मारतायत. तिसऱ्या फेरीला टाळ्या वाढल्या. चौथ्या फेरीला साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहून मास्तरांना घाम फुटला, कारण साहेब त्यांच्याकडेच पाहत होते आणि ओठांनी काहीतरी विचारत होते. मास्तरांनी डोळे मिटले आणि नकाशा आठवला. दोन्ही खाचा एकसारख्या असतील, तर दोन्ही जिभा एकाच दिशेला फिरून सुटणार. उजव्या पायाची टाच बाहेर जाते. डाव्या पायाची त्याच दिशेने आत जायला हवी. आणि आत तर क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा आहे, मागचं चाक आहे. टाच तिकडे जाऊच शकत नव्हती. डावा पाय सुटण्याची काही सोयच नव्हती.

मास्तर सायकलीबरोबर धावू लागले. "उजवा काढा, साहेब. उजवीकडे उतरा." साहेबांनी उजवा पाय काढलासुद्धा, अगदी सहज. पण माणूस लहानपणी शिकतो तो डावीकडे उतरायला. ब्रेक लागला, उजवा पाय हवेत राहिला, आणि साहेब सायकलीसकट सावकाश डावीकडे कलत, सुरक्षा सप्ताहाच्या फलकावर, फलकासकट मागच्या कुंड्यांवर गेले. मागच्या रांगा अजून टाळ्या वाजवत होत्या.

मनगट मुरगळलं, पँट फाटली, बाकी काही झालं नाही. पाय पेडलमधून तरीही सुटला नाही, शेवटी नाडी कापून साहेबांना बुटातून काढावं लागलं. इतकी चांगली पकड कारखान्याच्या कोणत्याही कडीला नव्हती, हे मास्तरांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. सुरक्षा अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे अपघाताचा अर्ज काढला. सदोष वस्तूचा संकल्पक कोण, असा रकाना होता. त्यांनी नकाशा मागवला.

साहेबांनी नकाशा पाहिला. संचालकांकडे पाहिलं. मग न दुखावलेल्या हाताने पहिल्या रकान्यातली स्वतःची सही आडवी रेघ मारून खोडली आणि तिच्या वर मास्तरांचं नाव लिहिलं, पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. या वेळी शाईने.

दोन दिवसांत खुलासापत्राची नोटीस आली. अधीक्षक वर आले ते चष्मा लावूनच. अशा कागदांत त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत नव्हतं असं तेज आलं होतं. प्रकरण सोपं आहे, ते म्हणाले. सही खोडलीय, पण तिच्याखालची तारीख तशीच आहे. सव्वीस वर्षांचे नकाशे काढा, एकातही तुम्ही संकल्पक नाही. तुम्ही नुसते आरेखक, वरून सांगितलं ते काढणारे. अर्ध्या तासात त्यांनी खुलासा लिहून काढला, आणि तो खरंच निर्दोष होता. 'सदर पेडलच्या संकल्पनेशी माझा काडीमात्र संबंध नाही', अशी सुरुवात होती. खाली सहीपुरती जागा.

"करा सही आणि सुटा," अधीक्षक म्हणाले.

मास्तरांनी पेन उघडलं. ते वाक्य पुन्हा वाचलं. बायको दाराशी उभी होती. सहीच्या जागी त्यांनी लिहिलं: 'वरील मजकूर खोटा आहे. पेडल माझं. डाव्या पेडलची चूकही माझी. दुरुस्त नकाशा जोडला आहे, त्यात डावं पेडल पूर्ण काढलं आहे.' आणि मग सही केली.

अधीक्षक इतके संतापले की त्यांना चष्मा काढावा लागला. इतका स्वच्छ मसुदा त्यांनी निवृत्तीनंतर प्रथमच लिहिला होता आणि त्याचं मातेरं झालं होतं. खाली जाताना प्रत्येक पायरीवर ते काहीतरी म्हणत होते. बायको टेबलापाशी आली, कागद हातात घेऊन तिने शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि म्हणाली, "याची एक प्रत घरी राहू दे."

शिक्षेचा हुकूम पंधरा दिवसांनी आला. आस्थापना विभागातल्या कारकुनाने मास्तरांना बोलावलं, कागद पुढे सरकवला आणि पोचेची सही मागितली. मास्तरांनी हुकूम पहिल्या ओळीपासून वाचला. 'आरेखक यांनी काढलेल्या सदोष पेडलबद्दल त्यांना तीन महिने वेष्टन विभागात पाठवण्यात येत आहे.' मास्तरांनी पेन खिशात परत ठेवलं.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "संकल्पक लिहा."

कारकून भला माणूस होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून समजावलं की मुद्दामच तसं लिहिलंय, साहेबांनाच आता प्रकरण वाढवायचं नाहीये, आरेखकाला अशा चुकीला तीन महिने लागतात, संकल्पकाला सहा. मास्तरांचा चेहरा लाल झाला. सव्वीस वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं तोंडाशी आलं, पण त्यातलं एवढंच बाहेर पडलं, "सहा लिहा. पण आधी संकल्पक लिहा."

दुरुस्ती करायला कारकुनाला दोन ठिकाणी शिक्के मारावे लागले आणि वरच्या साहेबांची आद्याक्षरं आणावी लागली. त्यात पाऊण तास गेला. तोवर मास्तर समोर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. कागद परत आल्यावर त्यांनी तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, नाव आणि हुद्दा बोट ठेवून तपासला, आणि मगच पोच दिली.